भिंतीपलीकडचा ठोका

'भावानं ठेवली पाटी, बहिणीनं घेतली हाती,
एवढ्याशा तेलात, बायांनो, कशा जळाव्या दोन वाती.'

आईचा हा आवाज दातांमधून यायचा. हे म्हणताना तिच्या दातांत बहुतेक वेळा दोरा असे. शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यांना काजं करत ती खिडकीशी बसलेली असायची, आणि जिना चढून कोणी ओळखीची बाई वर आली, की सुई न थांबवता सांगायची, 'ही धाकटी. डोकं आहे तिला. थोरल्यानं हिच्यासाठी शाळा सोडली.' मग हे दोन चरण, कुठून शिकलेले नव्हेत, तिचेच, शिवता शिवता जुळलेले. ऐकणारी बाई 'अगं बाई' म्हणे, एकदा दादाकडे बघे, एकदा हिच्याकडे, आणि हिला वाटे, आपण काहीतरी गिळलंय आणि ते सगळ्यांना बाहेरून दिसतंय. इतक्या वर्षांनी तो आवाज आज भर सकाळी परत आला. आला तेही कुठे, तर पंपवाल्या बाईंच्या कारखान्यात, धुऊन पुसून लख्ख केलेल्या फरशीवर ही धाकटी गुडघे टेकून बसली होती, हातात लाकडी हातोडा होता, आणि समोरच्या पंपावर चिकटवलेल्या डबीचा लाल दिवा नुकताच हिरवा झाला होता.

डबीला तिच्या प्रयोगशाळेत सगळे 'कान' म्हणत. मुठीत मावेल एवढी, खाली लोहचुंबक, वर एक दिवा. मोटरच्या पाठीवर ठेवली की आतल्या बेअरिंगची थरथर ऐकते. बेअरिंग निरोगी असेल तर हिरवी, झिजत आलं असेल तर मोडायच्या कितीतरी आधी लाल. तिच्या उमेदीची सगळी वर्षं या कानामागे गेली होती. दादाच्या कारखान्यात तो वर्षभर हिरवा होता आणि वर्षभर तिथं काही मोडलं नव्हतं. आज दुपारी, कान दादाच्याच कारखान्यात बनवायचा म्हणून, करारावर सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी सहज, पाय मोकळे करावेत तशी, ती पंपवाल्या बाईंकडे गेली होती, एका परक्या यंत्रावरही कान लावून बघू म्हणून. कान लावला आणि लाल. दुसऱ्या पंपावर लाल. कालच जोडलेल्या, अजून रंगाचा वास असलेल्या पंपावरही लाल. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. 'तुमच्या डबीला आमच्याकडचं काहीच पसंत पडत नाही हो,' त्या म्हणाल्या. 'माझ्या सासूबाई अशाच होत्या. त्यांना निदान दिवा नव्हता.' मग बाईंनी स्वतः पंप उघडायला लावला, बेअरिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. थंड, जड, आणि नव्या नाण्यासारखं चकचकीत. दोष शोधायला जागा नव्हती. ती ते बोटानं फिरवत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की इथं फार शांत आहे. पंपांची एकसुरी गुणगुण, तेवढीच. काय कमी आहे? ताटात मीठ नसावं तसं काहीतरी कमी होतं. ती उठली, कोपऱ्यातला लाकडी हातोडा मागून घेतला, पंपाशेजारी गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर मारू लागली. धप्प. थोडं थांबून, धप्प. जसा दादाच्या कारखान्यात भिंतीपलीकडून येतो तसा. दिवा हिरवा झाला. हात थांबला, लाल. परत धप्प, हिरवा. 'म्हणजे त्याला चार रट्टे ऐकल्याशिवाय बरं वाटत नाही,' बाई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. तिनंही हसायचा प्रयत्न केला. तेव्हाच दातांमधला तो आवाज आला.

बसमध्ये खिडकीची काच थरथरत होती, तिच्यावर डोकं टेकलं तर कवटीत गुणगुण उतरत होती, आणि आता प्रत्येक थरथर तिला तपासून बघावीशी वाटत होती: ही कोणाची, इंजिनाची की रस्त्याची की माझी. इतकी साधी गोष्ट. दादाच्या कारखान्याची मागची भिंत आणि शेजारच्या पत्रेवाल्याची भिंत एकच. पत्रेवाल्याचा प्रेस दिवसभर पत्रे कापतो. त्या धक्क्यानं दादाच्या टेबलावरच्या चहात वर्तुळं उठतात, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर डोलतं. पहिल्या दिवशी ती दचकली होती. तिसऱ्या दिवशी तिला तो ऐकू येईनासा झाला. तिथल्या माणसांना तर वर्षानुवर्षं ऐकू येत नाही; प्रेस बंद पडला की तेव्हा मात्र सगळे मान वर करतात. कानाला शिकवायचे निरोगी यंत्रांचे सगळे आवाज तिनं तिथं टिपले होते. आणि आजारी बेअरिंगं? ती तिनं प्रयोगशाळेच्या तळघरात टिपली, रबराच्या गादीवर, दारं लावून, तान्ह्या मुलाच्या खोलीत वावरावं तसं सगळ्यांना पावलं न वाजवता चालायला लावून. कानाला बेअरिंगमधलं काही कळलंच नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं, की जिथं ठोका पडतो तिथं सगळं बरं असतं आणि जिथं शांतता असते तिथं दुखणं. दादाकडे उद्या एखादं बेअरिंग किंचाळून मेलं असतं तरी कान हिरवाच राहिला असता. ही चूक दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत झाली असती का, ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तर तिला माहीत होतं. दुसऱ्यांनी पाच-सहा ठिकाणी हिंडून आवाज टिपले असते. तिलाही सोबतचे म्हणाले होते, आणखी कुठं तरी जाऊ. पण परक्या कारखान्यात जायचं तर पत्रं द्या, परवानग्या घ्या, मालकाच्या मर्जीनं वाट बघा. आणि दादा म्हणाला होता, 'ये की. घरात यायला विचारतात का?' आणि ती गेली होती. आयुष्यभर ती प्रत्येक गोष्ट घेऊन आधी तिथंच गेली होती.

खरं तर सोयीचा प्रश्न नव्हता. दादाकडे आधी जाण्यात देण्याचा आनंद होता. वडील गेले त्या वर्षी दादा नवव्या इयत्तेत होता, ही खालच्या शाळेत. सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि दादा दप्तराऐवजी डबा घेऊन बाहेर पडला, नळ्या कापायच्या एका कारखान्यात. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या केसांत लोखंडाचा बारीक कीस चमकत होता, आणि आईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन तो कीस वेचला होता, रडत, तांदूळ निवडावेत तसा. त्या दिवसापासून ही अभ्यासाला बसली की घर आवाज बंद करायचं. हिला पुस्तकाचं पान उलटायचीही भीती वाटे, इतकं ते पान महाग होतं. परीक्षेत पहिली आली तेव्हा आई म्हणाली, 'दादाच्या पाया पड.' ती वाकली आणि दादा पाय मागे घेत म्हणाला, 'ए मुंगे, गुदगुल्या होतात.' मुंगी हे नाव त्यानंच ठेवलेलं. सतत काही ना काही वाहून नेत असते म्हणून. आणि आई ते दोन चरण म्हणू लागली की तो खाली बघे. अंगठ्याच्या नखातला काळा मळ दुसऱ्या नखानं कोरत बसे, कानांच्या पाळ्या लाल होत, आणि गोष्ट संपेपर्यंत मान वर करत नसे. तिनं ते पाहिलं होतं, शंभरदा, आणि तिला वाटे, इथं त्याला दुखतंय. अजून दुखतंय. स्वतः त्यानं त्या शाळेचा शब्द कधी, चुकूनही, काढला नव्हता. त्यानं एकदा तरी ऐकवलं असतं, टोमणा मारला असता, तर तिला भांडता आलं असतं. न मागणाऱ्या माणसाचं फेडायचं कसं? पुढं तिला दूरच्या एका मोठ्या संस्थेत बोलावणं आलं होतं, काचेच्या इमारती, हवं ते यंत्र, आणि तिनं ते नाकारलं. कारणं पुष्कळ सांगितली, सगळी खरी वाटावीत अशी. खरं कारण असं, की दादानं सोडलेली शाळा उचलून परगावी न्यायची तिची हिंमत झाली नाही. ती याच शहरात राहिली. शहरही तोपर्यंत बदलत होतं. टेकडीवरच्या संस्थांमधली माणसं आणि नदीकाठच्या कारखान्यांतली माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलेली होती, ती हळूहळू वळून बघायला लागली होती. जुन्या गोदामात जोडकेंद्र निघालं, अभियंत्यांचे मेळावे, कारखानदारांच्या बैठका, आणि एका बैठकीत दादा समोर येऊन बसला, मजुरीवर दुसऱ्यांसाठी तुकडे कापून देणारा छोटा मालक, हातात पाण्याचा ग्लास, आणि तिला सगळ्यांदेखत 'मॅडम' म्हणाला. दोघांनाही हसू आवरेना. तेव्हा तिला वाटलं होतं, आता देता येईल.

जोडकेंद्राच्या दालनात एका पूर्ण भिंतीवर शहराचा नकाशा आहे. संस्था निळे ठिपके, कारखाने पिवळे, आणि ज्यांचं जमलं त्यांच्यामध्ये प्रकाशाची बारीक तार. येणारे पाहुणे तिथं उभे राहून फोटो काढतात. तिचा निळा ठिपका टेकडीवर, दादाचा पिवळा नदीकाठी, आणि त्यांच्यातली तार केंद्राच्या प्रमुखांनी आजच, सह्या व्हायच्या आधीच, पेटवून ठेवली होती. प्रमुखांना सगळे पाठीमागे सोयरीकवाले म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं, आवडतही होतं. 'या, या,' ते म्हणाले, 'वरपक्ष केव्हाचा येऊन बसलाय. आणि आज तर काय, मुलगी आपली, मुलगा आपला, रुसायला कोणी शिल्लक नाही.' ती तारेकडे बघत होती. तार लांबून दिसे तशी स्थिर नव्हती; जवळून पाहिलं तर अगदी सूक्ष्म लुकलुकत होती. 'मला थोडं बोलायचं होतं,' ती म्हणाली. 'बोला की. सह्या झाल्या की बोलायचंच आहे. वरून मंडळी येतायत, गावोगावचे लोक हे मॉडेल बघायला येणार आहेत, संस्था आणि उद्योग, भाऊ आणि बहीण, अहो, असं उदाहरण मिळत नाही.' उदाहरण हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की तिला खिडकीशी बसलेली आई दिसली.

दादा लांब टेबलाच्या टोकाशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट त्याला आवळत होता. पुढ्यात त्यानं घरून काहीतरी फडक्यात गुंडाळून आणलं होतं. ती जवळ गेल्यावर त्यानं ते उलगडलं, लहान मूल झोपलं आहे का बघावं तसं. कानाचं कवच. त्याच्या कारखान्यात ओतून, घासून, पॉलिश केलेलं पहिलं. आजवर त्यानं दुसऱ्यांच्या वस्तूंचे तुकडे बनवले होते, कडी, नळ्या, चकत्या, ज्या कुठं जाऊन बसतात हे त्याला कधी कळलं नाही. ही पहिली पूर्ण वस्तू. तिच्या पोटावर बारीक अक्षरात त्याच्या कारखान्याचं नाव होतं. 'कसं आहे, मॅडम?' तो म्हणाला, आणि मग हळूच, 'मुंगे, सांग ना. कडा बघ, बोट फिरव.' तिनं बोट फिरवलं. कडा रेशमासारखी होती. यासाठी त्यानं मागची खोली रिकामी केली होती, दोन जुनी कामं सोडून दिली होती, माणसं नेमली होती, हे तिला माहीत होतं. वहिनी परवाच फोनवर म्हणाली होती, 'हल्ली झोपेत हसतात गं तुझे दादा. मी घाबरलेच.' टेबलावर कागद मांडलेले होते, पेनाची टोपणं काढून ठेवलेली होती. सही केली तर? वर्षभर तरी काही होणार नाही. कान विकले जातील, जिथं ठोके पडतात तिथं हिरवे राहतील, जिथं शांतता आहे तिथले लोक चांगली यंत्रं उघडून बघतील, मग शिव्या देतील. दरम्यान गुपचूप सुधारता येईल. आणि एखाद्या ठिकाणी हिरव्या दिव्याच्या भरवशावर कोणी हात घालेल, आणि मोटर... तिनं कवच परत फडक्यावर ठेवलं. 'दादा, जरा बाहेर ये,' ती म्हणाली. सोयरीकवाले हसत म्हणाले, 'आता ऐन वेळी रुसवा नको हां.'

मागचा जिना लोखंडी होता. गोदामाच्या काळातला, रंग उडालेला. खाली मोकळ्या आवारात दुपारचं ऊन पडलं होतं आणि कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. ती एका पायरीवर बसली. तो दोन पायऱ्या खाली, कठड्याला टेकून उभा राहिला, शर्टाला गंज लागेल म्हणून जपत. तिनं त्याला सांगितलं. पंपवाल्या बाई, लाल दिवा, चकचकीत बेअरिंग, हातोडा. पत्रेवाल्याचा प्रेस. तो मध्येच म्हणाला, 'कुठला ठोका?' आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं, खालून पाणी चढावं तसं.

'म्हणजे वर्षभर तो शेजाऱ्याला ऐकत होता,' तो म्हणाला.

'हो.'

'माझ्या मोटरांना नाही.'

'नाही.'

तो हसला, पण ते हसू कुठं पोचलं नाही. 'आणि मी लोकांना सांगत फिरतोय, माझ्या कारखान्याची तब्येत बघा म्हणून. पत्रेवाल्याला पेढे द्यायला हवेत.' मग एकदम त्याचा आवाज वाढला. 'पण हे तुला आज कळावं? आज? आत ती माणसं बसलीयेत. मी ती नळ्यांची कामं सोडून दिली, ती दुसऱ्यानं उचलली, आता ती परत येणार नाहीत. माणसांना काय सांगू, थांबा, आमच्या मॅडमना आज सकाळी ऐकू आलं?'

'चूक माझी आहे.'

'तुझी असो नाहीतर माझी. मोडणार माझं.'

खाली हवा भरणाऱ्यानं पंप थांबवला. ती म्हणाली, 'किती दिवस लागतील मला सांगता येत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. वेगवेगळ्या ठिकाणी. तुझ्याकडे नाही.' शेवटचे शब्द तिच्या तोंडून निसटले आणि तिला वाटलं, आपण घराबाहेर पाय ठेवला.  तो कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं उचकटत राहिला. ते नख बघितलं आणि तिचा धीर सुटला, ती भरभर बोलू लागली, वर न बघता, पायरीच्या जाळीतून खालच्या उन्हाकडे बघत. 'दादा, तू म्हण. तू सही कर म्हणालास तर मी आत्ता आत जाऊन करते. खरंच करते. मला तुला नाही म्हणता येत नाही. कधी आलंच नाही. तू माझ्यासाठी एवढं सोडलंस आणि मी तुला काय देणार, हे एक होतं, तेही असं निघालं. तू सांग, मी करते.'

ती थांबली. तिला माहीत होतं, हे तिनं त्याच्या हातात द्यायला नको होतं. हे ओझं उतरवणं नव्हे, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं होतं. पण दिलं होतं. वर दालनाचं दार उघडलं, सोयरीकवाल्यांनी डोकावून 'झालं का?' विचारलं. दादानं हात वर करून थांबायची खूण केली, आणि दार लागलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आता तो म्हणेल. त्यानं एक 'हो' म्हणावं एवढंच होतं. मागची खोली, नवी माणसं, पोटावर नाव असलेली वस्तू, सगळं त्या एका शब्दापलीकडे उभं होतं, आणि ती तो शब्द उचलायला हात पुढं करून बसली होती. तो कठड्यापासून दूर झाला. शर्टाला गंज लागला होता, तो त्यानं झटकला नाही. दोन पायऱ्या चढून तिच्या शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा, लहानपणी जिन्यावर बसायचे तसा नाही, आता ते शक्य नव्हतं, दोघंही जाड झाले होते, पण बसला.

'शाळा मी तुझ्यासाठी नव्हती सोडली,' तो म्हणाला.

तिनं मान वळवली. तो समोर बघत होता.

'मला आवडायचीच नाही ती. बाबा असतानासुद्धा मी मागच्या दारानं पळायचो, त्या नळ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहायचो. बाबा गेले आणि आता कोणी अडवणार नाही, असं वाटलं मला. तसं वाटलं याची लाजही वाटली. पहिल्या दिवशी घरी आलो तो मी खुशीत होतो गं. सांगणारच होतो. तर आई रडायलाच लागली माझं डोकं धरून. आणि मग कोण कोण आलं, तिनं ते गाणं रचलं, बायका माझ्याकडे बघायला लागल्या.'  खाली सायकलवाला गेला होता, आवार रिकामं होतं. 'तोवर मला कोणी चांगला मुलगा म्हणालंच नव्हतं, मुंगे.'